तोल, नेम आणि नजर: खेळातल्या दृष्टीविषयीच्या संशोधनाचा आढावा

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला, दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 6/6 दृष्टीच्या डोळ्याला दहा मीटरवरून ओळखू येतो तो बारीकातला बारीक तपशील साधारण 3 मिलिमीटरचा. म्हणजे ज्यावर नेम धरायचा तो ठिपका नेमबाजाला दिसतच नाही. तरीही जागतिक दर्जाचे नेमबाज साठ गोळ्यांच्या पात्रता फेरीत गोळीमागे सरासरी साडेदहा गुण घेतात. छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून सव्वा मिलिमीटरच्या आसपास ठेवल्याशिवाय हे गुण मिळत नाहीत. हे सगळं उभ्याने करायचं, आणि उभ्या माणसाचं शरीर तर एक क्षणही निश्चल नसतं.

डोळे या कामात नेमकं काय करतात? तोल सांभाळायला त्यांची किती मदत होते, नेम साधायला किती? या दोन प्रश्नांवरचं संशोधन बराच काळ वेगवेगळ्या इमारतींत चाललं. तोल हा मेंदूविकारतज्ज्ञांचा आणि कान-नाक-घसावाल्यांचा प्रांत, तर नेम मानसशास्त्रज्ञांचा. खेळाडूला मात्र दोन्ही एकाच शरीरात, एकाच सेकंदात लागतात. माझं वाचन काय सांगतं ते आधीच मांडून ठेवतो. डोळा किती तीक्ष्ण आहे यापेक्षा नजर कुठे, केव्हा आणि किती वेळ ठेवली जाते याला जास्त वजन आहे, हे बऱ्यापैकी पक्कं झालं आहे. ठरलेली नजर हे चांगल्या नेमाचं कारण की नुसतं लक्षण, यावर मात्र एकमत नाही.

दोन जुन्या वाटा

बर्लिनचे वैद्य मोरित्स रोम्बर्ग यांनी 1840च्या दशकात मज्जासंस्थेच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथात एक लक्षण नोंदवलं. मज्जारज्जूचा मागचा भाग खराब झालेले रुग्ण डोळे उघडे असताना ठीक उभे राहत, पण डोळे मिटायला सांगितलं की डुलू लागत. अशा माणसाचा तोंड धुतानाही तोल जातो, कारण पाण्याचा हबका मारताना डोळे मिटतात. पायांकडून येणारी खबर बंद पडली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो, हे त्यातून ध्यानात आलं. रोम्बर्गची चाचणी आजही दवाखान्यात रोज केली जाते.

नेमाची वाट 1899 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून निघाली. रॉबर्ट वुडवर्थ यांनी माणसांना ठरावीक लांबीच्या रेघा ओढायला लावल्या, कधी डोळे उघडे ठेवून तर कधी मिटून. सावकाश ओढताना उघड्या डोळ्यांचा फायदा उघड दिसला. मिनिटाला 140 रेघांच्या आसपास वेग गेल्यावर मात्र फरक उरला नाही. हालचालीचा पहिला झटका आधी ठरवून सोडलेला असतो आणि मग जमेल तशी दुरुस्ती होते, त्या दुरुस्तीला वेळ असेल तरच डोळे उपयोगी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढची शंभर वर्षं नेमाच्या अभ्यासकांनी याच चौकटीत डागडुजी केली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दृष्टीविषयीच्या विचाराला वळण दिलं. आपण हललो की डोळ्यांपुढचं सगळं दृश्य वाहतं आणि त्या वाहण्यातच आपल्या हालचालीची माहिती असते, असं त्यांचं म्हणणं. 1974 मध्ये एडिनबरा विद्यापीठात डेव्हिड ली आणि आरनसन यांनी ते ताडून पाहिलं. जमीन पक्की, पण भिंती आणि छत सरकतील अशी खोली त्यांनी उभारली आणि नुकतीच पावलं टाकू लागलेली मुलं तिच्यात उभी केली. भिंती थोड्याशा सरकवल्या की मुलं डुलत, काही तर धपकन बसत. पायाखालची जमीन तसूभरही हललेली नसताना केवळ डोळ्यांनी दिलेल्या बातमीवर त्यांचं शरीर तोल ‘सावरायला’ गेलेलं असे.

तोलात डोळ्यांचा हिस्सा

एक पाऊल दुसऱ्याच्या बरोबर पुढे, टाचेला अंगठा लावून उभं राहावं आणि डोळे मिटावेत. काही सेकंदांत घोटे लटपटू लागतात. तोलाची माहिती मेंदूकडे तीन ठिकाणांहून येते: डोळे, अंतर्कर्ण, आणि स्नायू-सांधे-तळवे यांची जाणीव. यांचा हिस्सा कायमचा ठरलेला नसतो. कडक जमिनीवर पायांचं ऐकलं जातं, गादीवर उभं राहिलं की डोळ्यांचं. शरीर गरगर फिरत असेल तर दोघांवरचाही भरवसा कमी होतो.

डोळ्यांचा हिस्सा किती हे दृश्यावरही अवलंबून असतं. पाउलुस, श्ट्राउबे आणि ब्रांट या जर्मन संशोधकांनी 1984 मध्ये दाखवलं की दृष्टी धूसर होत गेली तशी शरीराची डुलण वाढते, आणि समोरची वस्तू जितकी लांब तितका तोलासाठी तिचा उपयोग कमी. कारण सरळ आहे. डोकं सेंटिमीटरभर सरकलं तर हातभर अंतरावरची वस्तू डोळ्यात पुष्कळ सरकते, पन्नास मीटरवरची जवळजवळ सरकतच नाही. कड्यावर उभं राहिल्यावर पाय थरथरतात त्यात भीतीबरोबर या भूमितीचाही वाटा असतो. तिरंदाजाची नजरही सत्तर मीटरवर असते. नेमासाठी जिथे पाहायचं ते ठिकाण तोलाच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी, ही अडचण पुढे पुन्हा येईल.

सराव केलेले खेळाडू डोळ्यांवर कमी विसंबतात का? इथे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, होय, सरावाने शरीर आतल्या जाणिवेवर विश्वास ठेवायला शिकतं. फ्रान्समध्ये निकोला व्हुईयर्म आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये जिम्नॅस्ट आणि इतर खेळांतले तरबेज खेळाडू यांची तुलना केली. दोन पायांवर उभं राहण्यात फरक नव्हता. एका पायावर डोळे मिटून उभं राहताना मात्र जिम्नॅस्टचं नुकसान कमी झालं. दुसरा पक्ष म्हणतो, सराव डोळ्यांपासून सुटका करत नाही, तो ज्या-त्या खेळाच्या सवयी लावतो. नान्सीच्या फिलिप पेरँ यांच्या गटाने 2002 मध्ये ज्युदोपटू आणि बॅले नर्तकी यांना मोजलं. डोळे उघडे असताना दोघंही सामान्यांपेक्षा सरस. डोळे मिटल्यावर ज्युदोपटूंची आघाडी टिकली, नर्तकींची गेली. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याचा ओढा अंगाला कळतो, बॅलेचा सराव आरशासमोर चालतो, हे त्याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण. पण पॅरिसमधल्या दुसऱ्या अभ्यासांत, सी-सॉसारख्या हलत्या फळीवर, व्यावसायिक नर्तक सामान्यांपेक्षा डोळ्यांवर कमीच अवलंबून आढळले.

मला दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो. फ्रेंच जिम्नॅस्टांवरच्याच आणखी एका कामात दिसलं की हातांवर उभं राहण्यातलं त्यांचं कसब साध्या उभं राहण्यात उतरत नाही. तोल ही एक सर्वसाधारण शक्ती असती तर ते उतरायला हवं होतं. शिवाय असल्या बहुतेक चाचण्या बलमापक फळीवर तीस-चाळीस सेकंद निमूट उभं करून घेतल्या जातात, आणि निमूट उभं राहणं हा कुठल्या खेळाचा भाग आहे? नेमबाजी आणि तिरंदाजी सोडली तर फारसा कुठल्याच नाही.

म्हणून हवेतल्या कोलांटीचं उदाहरण महत्त्वाचं. कोलांटी घेताना डोकं इतक्या वेगाने फिरतं की बराच काळ दृश्य नुसतं फासल्यासारखं दिसतं. तरीही बेनवा बार्दी आणि मिशेल लोराँ यांच्या 1998च्या अभ्यासात कुशल जिम्नॅस्टांची दृष्टी बंद केल्यावर उतरण्यातला सारखेपणा घटला. टोरांटोच्या लुइस आणि ट्रेंब्ले यांनी 2008 मध्ये त्याला पुस्ती जोडली: डोक्याचा वेग कमी असतो तेवढ्या मोजक्या क्षणांपुरतं दिसलं तरी भागतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली सिमोन बाइल्सने हवेत आपण कुठे आहोत हेच कळेनासं झाल्यावर माघार घेतली, तेव्हा ‘ट्विस्टीज’ हा शब्द जगभर गेला. तिचे डोळे ठीक होते. तीन ठिकाणच्या बातम्यांचा मेळ बसत नसावा. उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडचं. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात अंध मुलींना मल्लखांब शिकवला गेला आहे. दोरीवर सगळं शरीर सतत कशाला ना कशाला टेकलेलं असतं, आणि त्या स्पर्शातून मिळणारी माहिती डोळ्यांची उणीव किती भरून काढते, हा मोजून पाहण्यासारखा विषय आहे.

तीक्ष्ण डोळा हवाच का?

आता नेमाकडे. सुरुवातीला सांगितलेलं अर्ध्या मिलिमीटरचं कोडं बऱ्याच अंशी सुटलेलं आहे. रायफलवाला दहाचा ठिपका शोधतच नाही. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून त्याला पुढच्या साइटची गोल कडी दिसते आणि कडीच्या आत टार्गेटचा 30.5 मिलिमीटरचा काळा गोल. कडी आणि काळा गोल यांच्यामधली पांढरी पट्टी सगळीकडून सारखी आहे ना, एवढंच पाहायचं. दोन गोष्टी सरळ रेषेत किंवा एककेंद्री आहेत का हे ओळखण्यात मानवी डोळा त्याच्या नेहमीच्या तीक्ष्णतेपेक्षा कितीतरी पट बारीक काम करतो. जेराल्ड वेस्टहायमर यांनी 1975 मध्ये या क्षमतेला ‘हायपरॲक्युइटी’ म्हटलं. दहा मीटरवरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे सुमारे दहा आर्क सेकंद, आणि ही क्षमता जवळपास तिथपर्यंत पोचते. मागच्या साइटचं छिद्र कॅमेऱ्याच्या लहान ॲपर्चरसारखं जवळचं-लांबचं दोन्ही पुरेसं स्पष्ट ठेवतं, त्यामुळे थोडाफार नंबर असला तरी झाकला जातो.

पिस्तुलाला ती सोय नाही. उघडी साइट, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. रेंजवरचे प्रशिक्षक नवशिक्यांना म्हणूनच बजावतात की फोरसाइट, म्हणजे पुढची साइट, कुळकुळीत काळी, धारदार दिसली पाहिजे. टार्गेट धूसर दिसतंय तर दिसू दे. यामागे हिशोब आहे. टार्गेटकडे पाहण्यात थोडी चूक झाली तर गोळी तेवढीच सरकते, पण दोन साइट्सच्या जुळणीत चूक झाली तर ती अंतराच्या पटीत वाढते. रायफलीतही दोन साइट्समधलं अंतर सुमारे 80 सेंटिमीटर धरलं तर पुढची साइट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी हलली तरी दहा मीटरवर मिलिमीटरभर फरक पडतो.

रेंजवर लक्ष वेधून घेणारी आणखी एक वस्तू म्हणजे ब्लाइंडर, नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोरची छोटी पट्टी. नियमाप्रमाणे तिची रुंदी 30 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. डोळा मिटला तर चालेल की, असं बघणाऱ्याला वाटतं. पण एक डोळा ताणून मिटला की दुसऱ्याच्याही भोवतीचे स्नायू आवळतात. दोन्ही उघडे ठेवून एकाचं दृश्य अडवणं हा त्यातला मधला मार्ग. त्यात बाजूच्या दृश्याची वाट दोन्हीकडून खुली राहते, आणि तोलाला तीच उपयोगी पडते असा अनेक प्रशिक्षकांचा विश्वास आहे.

तीक्ष्णतेच्या वादात दक्षिण कोरियाच्या इम दोंग-ह्युनचं नाव हमखास येतं. 27 जुलै 2012 रोजी लंडन ऑलिंपिकच्या मानांकन फेरीत त्याने 72 बाणांत 720 पैकी 699 गुणांचा विश्वविक्रम केला. त्याची नोंदलेली दृष्टी डाव्या डोळ्यात 20/200, उजव्यात 20/100, आणि तो चष्मा लावत नसे. वृत्तपत्रांनी त्याला ‘कायद्याने अंध’ ठरवून टाकलं, ते त्याला आवडलं नाही आणि त्याने ते खोडूनही काढलं. हिशोब करून पाहू. सत्तर मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 12.2 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सहा आर्क मिनिटं. 20/100 दृष्टीच्या डोळ्याला पाच आर्क मिनिटांखालचा तपशील सुटा ओळखता येत नाही. त्याला वर्तुळाच्या रेघा दिसणं शक्य नव्हतं, पण मधला पिवळा पट्टा त्याच्या दुप्पट रुंदीचा असतो आणि रंगाचा एक डाग म्हणून तो दिसायला हरकत नाही. डागाचा मध्य साधायला कडा स्पष्ट लागतातच असं नाही. बाकीचं काम दर वेळी तंतोतंत तसाच ओढलेला हात करतो. कंपाउंड धनुष्याची गोष्ट वेगळी. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला ज्या प्रकारात विश्वविजेते झाले, त्यात दोरीत बसवलेली पीप साइट आणि मोठं दाखवणारं भिंग चालतं. म्हणजे डोळ्याकडून काय मागायचं हे बरंचसं साधनांचे नियमच ठरवतात.

हलत्या चेंडूवर धूसरपणाचा परिणाम किती, हे ऑस्ट्रेलियात डेव्हिड मान, ब्रूस ॲबरनेथी आणि डॅमियन फॅरो यांनी क्रिकेटवर तपासलं. चांगल्या फलंदाजांना मुद्दाम चुकीच्या नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या. मध्यम वेगाच्या गोलंदाजीवर +3 डायॉप्टरपर्यंत जाईतो फलंदाजी म्हणावी तशी बिघडली नाही. वेग वाढवल्यावर +2 लाच बिघडली. मायनस तीनच्या माणसाने चष्मा काढून नेटमध्ये उभं राहावं, तसं हे. मन्सूर अली खान पतौडी यांनी 1961च्या अपघातात उजवी नजर गमावली आणि पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी ते भारताचे कर्णधार झाले. 46 कसोटींत 34.91च्या सरासरीने त्यांनी 2793 धावा केल्या.

अशा उदाहरणांवरून ‘डोळ्यांनी काही फरक पडत नाही’ असं म्हणणारा एक सूर असतो. तो घाईचा आहे. पतौडी दोन्ही डोळ्यांनी किती धावा करते हे कोण सांगणार? धूसरपणाच्या प्रयोगांत फलंदाज आधीच तरबेज होते. धूसर डोळ्यांनी कुणी तितकं तरबेज होईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला हात लावणं कठीण आहे.

‘शांत नजर’ आणि तिचे अर्थ

गेल्या तीन दशकांत या क्षेत्रात सर्वांत जास्त शाई ज्यावर खर्च झाली ती कल्पना कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांची. आधी गोल्फ, मग 1996 मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की निष्णात खेळाडू निर्णायक हालचाल सुरू होण्याआधीच एका जागी नजर रोवतात, लवकर रोवतात आणि जास्त वेळ ठेवतात. याला त्यांनी ‘क्वाएट आय’ म्हटलं. व्याख्या अशी: शेवटच्या हालचालीआधी सुरू झालेली, दृष्टीच्या तीन अंशांच्या आत राहिलेली, किमान 100 मिलिसेकंद टिकलेली नजर. गोल्फच्या पटिंगमध्ये, म्हणजे चेंडू हळूच होलकडे ढकलताना, निष्णातांची शांत नजर दोन-तीन सेकंद टिकते, नवशिक्यांची बरीच कमी. रायफल, स्कीट आणि ट्रॅप, बिलियर्ड्स असं जिथे तिथे हे आढळलं. 2016 मध्ये एकत्रित केलेल्या अभ्यासांतही निष्णात आणि नवशिके यांच्यातला फरक मोठा निघाला आणि एकाच खेळाडूच्या लागलेल्या व हुकलेल्या फटक्यांतला फरक मध्यम.

निरीक्षणावर फारसं कुणाचं दुमत नाही. अर्थावर आहे.

व्हिकर्स आणि त्यांच्या बाजूचे संशोधक म्हणतात, त्या स्थिर काळात मेंदू हालचालीचा आराखडा पक्का करतो: दिशा, जोर, वेळ. नजर जास्त टिकली की आराखड्याला जास्त वेळ मिळतो. क्रिस्टोफर जॅनेल यांच्या गटाने गोल्फपटूंच्या मेंदूतल्या हालचालपूर्व विद्युत लहरी मोजून याला आधार दिला. पण त्यातून एक विरोधाभास निघतो. निष्णाताला सगळं कमी श्रमात जमतं असं आपण एरवी म्हणतो. मग त्याला विचाराला नवशिक्यापेक्षा जास्त वेळ का लागावा?

बर्न विद्यापीठातले आंद्रे क्लोस्टरमन आणि अर्न्स्ट-योआखिम होसनर यांचं उत्तर असं की निष्णाताकडे एकाच कामाचे अनेक जवळपास सारखे पर्याय तयार असतात. त्यातला एक निवडून बाकीचे दाबून ठेवायचे असतात, आणि टिकलेली नजर ते दाबण्याचं काम करते. युक्तिवाद हुशारीचा आहे, पण दाबलेला पर्याय मोजायचा कसा, हा पेच त्यात उरतो.

तिसरं म्हणणं सर्वांत रोखठोक. बर्मिंगहॅमचे जर्मानो गॅलिकिओ आणि क्रिस्टोफर रिंग यांनी डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड लावून पटिंग मोजलं. शांत नजरेची लांबी आणि फटक्याची लांबी एकमेकींशी जुळली: जो सावकाश, सुबक फटका मारतो त्याची नजरही आपोआप जास्त वेळ स्थिर राहते. या मताप्रमाणे नजर शांत असते कारण शरीर शांत असतं. विचाराचा तिथे संबंधच असेल असं नाही.

यात बास्केटबॉलचा जुना मतभेद मिसळलेला आहे. व्हिकर्स यांच्या फ्री थ्रोमध्ये खेळाडू आधी पाहून घेत आणि चेंडू वर जाताना नजर सोडून देत. ॲम्स्टरडॅमच्या राऊल ओडेयान्स यांनी 2002 मध्ये जंप शॉटचा अभ्यास केला. दृश्य हवं तेव्हा बंद करता येईल असे चष्मे त्यांनी खेळाडूंना घातले आणि दिसलं की चेंडू डोळ्यांच्या वर गेल्यानंतरच्या अखेरच्या साडेतीनशे मिलिसेकंदांत रिंग दिसली तर पुरतं. त्याआधी पाहिलेलं फारसं कामी येत नाही. आधी आराखडा की अखेरपर्यंत दुरुस्ती, हा वुडवर्थ यांचाच 1899 चा प्रश्न. नंतरच्या कामात कळलं की चेंडू चेहऱ्यासमोर धरणारे आणि डोक्यावर धरणारे खेळाडू वेगवेगळ्या वेळी पाहतात. म्हणजे मतभेदाचा काही भाग दोन्ही प्रयोगशाळांना दोन तऱ्हेचे खेळाडू मिळाल्यामुळे होता. व्हिकर्स यांनी 2016 मध्ये एका नियतकालिकात आपली भूमिका पुन्हा मांडली तेव्हा तिच्यावर टिपणांची रांग लागली, आणि ती वाचताना जाणवतं की बरेच जण एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत.

मला सर्वांत जास्त खटकतं ते मोजमाप. तीन अंश म्हणजे दहा मीटरवर सुमारे 52 सेंटिमीटर. एअर रायफलचं सगळं टार्गेट 45.5 मिलिमीटरचं. नेमबाजाची नजर टार्गेटभर भटकून आली तरी व्याख्येप्रमाणे ती शांतच. शिवाय पूर्वीची डोक्यावर बसवायची नजरमापक यंत्रं सेकंदाला तीसच चित्रं घेत. 100 मिलिसेकंदांचा उंबरठा म्हणजे अवघी तीन चित्रं. रोवलेल्या नजरेतही डोळा बारीक झटके देत राहतो, ते या यंत्रांना दिसण्याची शक्यताच नव्हती.

दोन्ही वाटा जिथे मिळतात

डोकं हललं की अंतर्कर्णातून थेट निघालेला प्रतिक्षेप डोळ्यांना उलट दिशेला वळवतो. त्याला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून नजर सावरायला त्याच्या दहापट. तोलाची यंत्रणा नजर स्थिर ठेवते आणि स्थिर नजर तोलाला माहिती पुरवते, असं हे चक्र आहे. यात मालक कोण, यावर टॉमस स्टॉफ्रेगन यांचं मत लक्षात घेण्यासारखं आहे. 1990च्या दशकाअखेरच्या त्यांच्या प्रयोगांत, जवळच्या वस्तूवर बारकाईने नजर लावण्याचं काम दिलं की माणसं कमी डुलत. पाहणं नीट व्हावं म्हणून शरीर स्वतःला आवरतं, असा त्यांचा अर्थ. टीकाकारांच्या मते यात लक्ष एकवटण्याचा परिणाम मिसळलेला असू शकतो.

नेमबाजांवरचे निकाल सरळ नाहीत. फिनलंडमध्ये 1990च्या दशकात अव्वल आणि नवशिक्या रायफलपटूंची तुलना झाली तेव्हा अव्वल नेमबाज ट्रिगर दाबण्यापूर्वीच्या सेकंदांत जास्त जास्त स्थिर होत जाताना दिसले. म्हणून कमी डुलणारा जास्त गुण घेतो, असं समजलं गेलं. ऑस्ट्रेलियात केव्हिन बॉल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सहा अव्वल नेमबाज पाहिले. एकमेकांशी तुलना केली तर डुलण आणि गुण यांचा मेळ नव्हता. एकेकाच्या स्वतःच्या गोळ्या पाहिल्या तर मेळ होता, पण प्रत्येकाचा वेगळा. मेळ सगळ्यांच्या सरासरीत हरवला होता. शिवाय नेम धरण्याची स्थिती बदलली की तोलही बदलतो. म्युनिकला 2010 मध्ये प्रोन प्रकारात जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत पोटावर झोपून, पट्ट्याच्या आधाराने नेम धरत होती. कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेला 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळालं ते गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही स्थितींत 451.4 गुण करून. एकच खेळाडू, एकच डोळा, एकच दिवस, आणि तोल मात्र तीन तऱ्हांचा. या प्रश्नासाठी याहून सोयीचं प्रयोगसाहित्य शोधून सापडणार नाही.

दमछाक आणि दडपण यांवर बायथलॉनमधून, म्हणजे स्कीइंग आणि रायफल नेमबाजी एकत्र असलेल्या खेळातून, माहिती मिळते. व्हिकर्स आणि मार्क विल्यम्स यांनी 2007 मध्ये कॅनडाच्या खेळाडूंचे श्रम कमाल पातळीपर्यंत वाढवत नेले. त्या अवस्थेतही ज्यांनी शांत नजर लांबवली ते दडपणाखाली कोसळले नाहीत. अशा निकालाकडे कारण-परिणामाचा पुरावा म्हणून पाहण्याचा मोह होतो, पण तो संबंधच आहे.

सरावाचा बाजार

दृष्टिव्यायामाने खेळ सुधारतो, या दाव्यावर मोठा धंदा उभा आहे. ॲबरनेथी आणि जोआन वूड यांनी 2001 मध्ये असे दोन कार्यक्रम चार आठवडे राबवून पाहिले. सोबत नुसतं खेळाचं वाचन करणारा आणि जास्तीचं काही न करणारा असे गट ठेवले. चाचण्यांत सगळेच सुधारले, कारण चाचणीची सवय झाली. व्यायाम करणाऱ्यांना वेगळं काही मिळालं नाही. नंतर आलेल्या, दृश्य थांबून थांबून दाखवणाऱ्या स्ट्रोब चष्म्यांचे निकाल थोडे आशादायक आहेत, पण गट लहान आणि नियंत्रण बेताचं.

शांत नजरेच्या प्रशिक्षणाची बाजू त्यामानाने बरी आहे, कारण तिथे सराव प्रत्यक्ष खेळातच होतो. एक्झेटरचे सॅम्युअल व्हाइन आणि मार्क विल्सन यांच्या 2011च्या अभ्यासात अव्वल गोल्फपटूंना प्रशिक्षणानंतर खऱ्या फेऱ्यांत पटिंगचे फटके फेरीमागे सरासरी दोनाच्या आसपास कमी लागले. मात्र नजर रोवायला शिकवताना खेळाडू थांबायला, श्वास घ्यायला, घाई न करायलाही शिकतोच. श्रेय यातल्या कशाला द्यायचं, हे वेगळं काढता आलेलं नाही.

उरलेले प्रश्न

शांत नजर कारण की लक्षण, हे ठरवायला फटक्याचा वेग तसाच ठेवून फक्त नजरेची लांबी बदलणारे प्रयोग हवेत, आणि ते बोलायला सोपे, करायला अवघड आहेत. खेळाडूला नजर बदलायला सांगितली की हालचालही बदलते. तोलाच्या बाजूला, निमूट उभं राहण्याच्या चाचण्या सोडून प्रत्यक्ष फटक्याच्या क्षणी डोळे, डोकं आणि पाय एकाच वेळी मोजणारं काम अजून थोडं आहे. आणि सरासरीच्या आड प्रत्येक नेमबाजाचं वेगळेपण लपतं, हा बॉल यांचा धडा नजरेच्या अभ्यासकांनी पुरेसा घेतलेला नाही.

काही उत्तरं दृष्टिबाधितांच्या खेळातून येण्याची शक्यता मला जास्त वाटते. तिथे प्रश्न निव्वळ शास्त्राचा नाही, कुणाला कुठल्या गटात खेळू द्यायचं याचा आहे. पॅरालिंपिक चळवळीने आता प्रत्येक खेळासाठी वेगळा पुरावा मागायला सुरुवात केली आहे. क्रिकेटवर प्रयोग केलेल्या डेव्हिड मान यांच्या ॲम्स्टरडॅममधल्या गटाने आणि सहकाऱ्यांनी दृष्टिबाधित रायफल नेमबाजीवर केलेल्या कामात तीक्ष्णतेइतकाच, किंबहुना जास्त, कॉन्ट्रास्ट ओळखण्याच्या क्षमतेचा संबंध गुणांशी लागला. 2019 मध्ये त्यांनी या खेळाला एकच वर्ग पुरेसा असल्याचं सुचवलं. या नेमबाजीत बंदुकीची दिशा हेडफोनमधल्या आवाजाने कळते. दृष्टिबाधितांच्या तिरंदाजीत हाताच्या मागच्या बाजूला टेकणारी स्पर्श-साइट वापरतात आणि पाय कुठे ठेवायचे तेही जमिनीवरच्या खुणांनी ठरतं. जेका आणि लॅक्नर यांनी 1994 मध्ये दाखवलं होतं की बोटाचं टोक एखाद्या पक्क्या वस्तूला नुसतं लागलं, एक न्यूटनहूनही कमी जोराने, तरी शरीराची डुलण जवळपास डोळे उघडल्याइतकीच घटते. त्या हिशोबाने स्पर्श-साइट तिरंदाजाला नेम देताना तोलही देत असावी, आणि हेडफोनमधला आवाज नेमबाजाला फक्त नेम. एकाच प्रयोगशाळेत, एकाच फळीवर दोघांना उभं करून हे तपासता येईल.